साथीदाराचा शोध

मराठींत ‘साथ’ हा शब्द तबलजीच्या कामास लावतात आणि पटकीच्या फैलावासही लावतात. मीं व्हायोलिन हातीं धरलें त्या दिवसापासून या दोन अर्थांतील अंतर कमी कमी होत चाललें आहे, असें आमच्या घरच्या मंडळींचें मत आहे. व तें खोडून काढण्याइतका पुरावा तीस वर्षांत मला गोळा करतां आलेला नाहीं. असो. मला आज लिहावयाचें आहे तें पहिल्या अर्थाविषयीं. ज्याला गाणें-बजावणें हा पोटाचा धंदा नाहीं, केवळ हौस आहे, अशा मनुष्यानें आपला जोडीदार कसा शोधावा, आणि एकदां मिळालेला जोडीदार सोडावयाचा झाल्यास तो कोणत्या अधिकारानें सोडावा, हा तो प्रश्न. प्रश्न क्षुल्लक दिसतो. मलाही तो गेल्या वर्षापर्यंत क्षुल्लकच वाटत होता.

चित्र काढणारा एकटा काढूं शकतो, कविता करणारा तर एकान्तच शोधतो. परंतु वाद्य वाजविणारास बहुधा दुसरा मनुष्य लागतो. तानपुरा छेडणारें यंत्र निघालें, ठेका धरणारें यंत्र निघालें, आतां तीं दोन्ही खिशांतल्या फोनमध्यें येऊन बसलीं आहेत. तथापि त्या ठेक्याबरोबर महिनाभर वाजवून पाहणारास एक गोष्ट कळून चुकते. यंत्र चुकत नाहीं हें खरें, पण तें ऐकतही नाहीं. आपण समेच्या अलीकडे किंचित् रेंगाळलों तर तें थांबत नाहीं, आणि अवचित एखादी जागा सांपडली तर मान डोलावीत नाहीं. ऑस्ट्रियांतून अमेरिकेस गेलेला समाजशास्त्रज्ञ आल्फ्रेड शुट्झ यानें १९५१ सालीं एकत्र वादनावर एक निबंध प्रसिद्ध केला. संगीत हें दोघांनीं मिळून जगलेला काळ आहे, आणि वादन चाललें आहे तोंवर ते दोघे बरोबरीनें वयानें वाढत असतात, असें त्याचें म्हणणें. हा निबंध मी वर्गांत पुष्कळदां समजावून सांगितला. त्यांतील ‘वयानें वाढणें’ हे शब्द किती अक्षरशः घ्यावयाचे, तें मला फार उशिरां समजलें.

आतां हा दुसरा मनुष्य मिळवावा कसा? आमच्या सांगलीकडे याचें उत्तर पूर्वीं सोपें होतें: मिरजेस जावें. तेथें दीडशेहून अधिक वर्षें सतारी व तानपुरे तयार होत आले आहेत. २०२४ सालीं त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालें. खांसाहेब अब्दुल करीम खां या गांवीं राहिले, आणि तेथील दर्ग्याच्या उरुसांत अजूनही गाणारे-वाजविणारे हजेरी लावतात. अशा गांवांतल्या वाद्यांच्या दुकानदारास जें ठाऊक असतें तें कोणत्याही नोंदवहींत सांपडावयाचें नाहीं. कोणाच्या डग्ग्याला किती महिन्यांनीं नवी पुडी लागते, यावरून कोण किती रियाज करतो तें तो ओळखतो. कोणाची पेटी दोन वर्षें दुरुस्तीस आली नाहीं, यावरून त्या घरांत काय घडलें असावें याचाही त्याला अंदाज असतो. मोठ्या शहरांतून हेंच काम संस्थांनीं केलें. पुण्याचा गायन समाज १८७४ सालचा, कोल्हापूरचा देवल क्लब १८८३ चा. तेथें केवळ गाणें ऐकावयास मिळे असें नव्हे. आपल्यासारखाच आणखी कोण वेडा गांवांत आहे, हेंही कळे.

बावीस वर्षांपूर्वीं गजाला नवे केस बसविण्यासाठीं मी अशाच एका दुकानांत गेलों होतों. दुकानदार म्हणाले, “सर, पोस्टांत एक गृहस्थ आहेत. तबला चांगला धरतात. त्यांच्याबरोबर पेटी वाजविणारे होते, त्यांची बदली झाली. हल्लीं एकटेच वाजवीत बसतात. जाऊन भेटा.” मी गेलों. दारांत उभा राहून ओळख कशी करून द्यावी तें मला सुचेना. त्या गृहस्थांनीं माझ्या हातांतील पेटीकडे पाहिलें व इतकेंच विचारलें, “सूर कोणता आपला?” त्या दिवसापासून दर गुरुवारीं संध्याकाळीं आम्ही वाजवूं लागलों. त्यांना सारे अण्णा म्हणतात. मीही अण्णाच म्हणूं लागलों. ते मला प्रोफेसर म्हणतात. बावीस वर्षांत आम्ही एकमेकांच्या घरच्या लग्नमुंजींना गेलों, परंतु वादनाखेरीज दुसऱ्या विषयावर सलग अर्धा तास बोलल्याचें मला स्मरत नाहीं.

ही जुनी रीत जेथें चालत नाहीं, म्हणजे जेथें मनुष्य परका आहे, तेथें काय करावें? अमेरिकेंतील इंडियानापोलिस येथील लेनर्ड स्ट्रॉस नांवाच्या एका व्यापाऱ्यास हा प्रश्न पडला. धंद्यानिमित्त त्याची फिरती असे, आणि परगांवच्या मोकळ्या संध्याकाळीं त्याला चेंबर संगीत वाजविण्यासाठीं मंडळी हवी असत. आमच्याकडे एक तबलजी मिळाला कीं भागतें; तिकडील चौकडीस दोन व्हायोलिनें, एक व्हिओला व एक चेलो इतका सरंजाम लागतो. तेव्हां १९४७ सालीं त्यानें हौशी वादकांची एक संघटना काढली, आणि न्यूयॉर्कच्या हेलन राइस या बाईंनीं पुढें अनेक वर्षें तिचा कारभार वाहिला. तिचें मुख्य काम म्हणजे एक यादी छापणें. कोणत्या गांवीं कोण कोणतें वाद्य वाजवितो तें त्या यादींत पाहावें, पत्र टाकावें आणि वाद्य घेऊन जावें. ती संघटना नांवांत थोडा बदल होऊन आजही चालू आहे व तिची यादी इंटरनेटवर आली आहे.

त्या यादींतील एक गोष्ट मला फार मननीय वाटते. प्रत्येक वादकानें आपल्या नांवापुढें आपली श्रेणी स्वतःच लिहावयाची असते. परीक्षक नाहीं, प्रमाणपत्र नाहीं. आपण उत्तम वाजवितों, बरें वाजवितों, कीं कसेंबसें वाजवितों, याचा निवाडा आपणच करावयाचा. नीतिशास्त्राच्या वर्गांत सत्यकथनाचीं जीं उदाहरणें मी देत आलों त्यांपेक्षां हें कितीतरी सरस आहे. श्रेणी कमी लिहिली तर चांगले वादक बोलावणार नाहींत. अधिक लिहिली तर पहिल्याच संध्याकाळीं, दुसऱ्या-तिसऱ्या ओळींतच, तिघां परक्यांसमोर लबाडी उघडी पडणार. स्वतःविषयीं इतकें निमूटपणें व इतक्या कमी शब्दांत खरें बोलण्याचा प्रसंग मध्यम वर्गाच्या मनुष्यावर एरवीं क्वचितच येतो.

स्ट्रॉसच्या यादीचींच नातवंडें म्हणजे आजचीं संकेतस्थळें. मित्रमंडळ जमविणाऱ्या साध्या स्थळांवरही वादकांचे गट आहेत, आणि केवळ वादकांसाठीं काढलेलीं निराळीं स्थळेंही आहेत. वाद्य, गांव, किती वर्षें शिकलों, कोणत्या प्रकारचें संगीत, कशासाठीं साथ हवी, हें सारें भरून दिलें कीं आसपासच्या मंडळींचीं नांवें व त्यांच्या वादनाचे तुकडे समोर येतात. येथें एक शंका निघेल. इंटरनेटवर मनुष्य भेटतो तर वाजवावयासाठीं एका खोलींत कशाला यावें? त्याचें उत्तर पदार्थविज्ञानांत आहे. हवेंत आवाज सेकंदाला सुमारें ३४३ मीटर जातो. म्हणजे दहा मीटरांवर बसलेल्या साथीदाराचा ठेका आपल्या कानीं एक-पस्तिसांश सेकंद उशिरां येतो. याहून फार उशीर झाला तर जलद लय दोघांनाही सांभाळणें कठीण होतें; प्रत्येकजण दुसऱ्यासाठीं थांबूं लागतो व गत बसत जाते. कांचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदाला सुमारें दोन लक्ष किलोमीटर धांवतो. लंडन आमच्यापासून सात हजार किलोमीटरांहून दूर. मार्ग अगदीं सरळ धरला तरी तेवढ्यानेंच मर्यादा ओलांडली जाते, आणि वाटेंतील यंत्रांचा वेळ निराळाच. २०१० सालीं एरिक व्हिटॅकर या अमेरिकन संगीतकारानें बारा देशांतील १८५ गायकांचे आवाज एकत्र करून एक समूहगान प्रसिद्ध केलें. तें ऐकावयास खरोखर सुंदर आहे. परंतु त्यांतील प्रत्येकजण आपल्या घरीं एकटा गायला होता. कोणी कोणाला ऐकलें नव्हतें. तेव्हां संकेतस्थळ कितीही दूर पोंचलें तरी तें शेवटीं दोघांना एका सतरंजीवर आणून सोडतें व आपण बाजूला होतें. पुढचें काम जुनेंच आहे.

या स्थळांविषयीं आमच्या वयाचे लोक जें नाक मुरडतात त्यांत मला सामील व्हावयाचें नाहीं. जुनी रीत गोड होती खरी, पण ती कोणासाठीं? माझी एक विद्यार्थिनी उत्तम तबला वाजविते. तालुक्याच्या गांवीं राहते. तिच्या गुरूंना ती आवडे, परंतु बाहेर साथीला पाठवावयाची वेळ आली कीं तिच्यापेक्षां कच्चा मुलगा जाई. मुलीनें रात्रीं-बेरात्रीं डग्गा घेऊन कोठें जावें, असें सर्वांचें मत. दुकानदाराचें ज्ञान अफाट खरें, पण त्या ज्ञानांत ती नव्हती. कारण तिची पुडी बसवून आणावयास तिचा भाऊ जात असे. तिनें एका स्थळावर स्वतःचें वादन टाकलें, आणि तीन महिन्यांत पुण्याच्या दोन गाणाऱ्या मुलींनीं तिला शोधून काढलें. आतां त्या तिघी मिळून कार्यक्रम करतात. जात, आळी, बिऱ्हाड, घरचा वशिला यांच्या कुंपणांतून जो साथीदार आपोआप ‘भेटत’ असे, त्या भेटीच्या मागें किती जणांची न झालेली भेट उभी होती, हें आपण सोयीस्करपणें विसरतों. निवड करण्याचें स्वातंत्र्य ही चांगली गोष्ट आहे. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे.

तीनएक वर्षांपासून अण्णांच्या उजव्या हाताचीं बोटें आखडूं लागलीं. डाव्या हाताला कांहीं झालें नाहीं. त्यांच्या बायांतील घुमारा अजून तसाच आहे. परंतु द्रुत गतींत बोल तुटूं लागले. प्रथम मी लय थोडी कमी धरूं लागलों, मग आणखी थोडी, आणि पुढें झाला घेणेंच सोडून दिलें. आम्ही दोघेही यावर एक शब्द बोललों नाहीं. मला छप्पन्न वर्षें पूर्ण झालीं आहेत. बोटांचें आयुष्य किती असतें याचा हिशेब समोरच दिसत असतां, आपल्या हातांत जें अजून आहे तें वाजवून घ्यावें असें मला वाटूं लागलें, तर तें अगदींच गैर होतें असें मी आजही म्हणणार नाहीं.

एके रात्रीं मीं एका स्थळावर खातें उघडलें. गांव, वाद्य, वर्षें हीं भरतांना कांहीं वाटलें नाहीं. श्रेणीचा रकाना आला तेव्हां स्ट्रॉसची यादी आठवली. ‘नवशिका’, ‘मध्यम’, ‘तयार’ असे तीन पर्याय होते. मी बराच वेळ बसलों आणि अखेर ‘तयार’ यावर खूण केली. ‘काय हवें’ या रकान्यांत लिहिलें: तबल्याची साथ, द्रुत तीनताल व एकताल यांत लय न सोडणारी. हें वाक्य लिहितांना माझ्या डोळ्यांसमोर कोण होतें तें सांगावयास नको. इतक्या वर्षांत त्यांच्याविषयीं जें मी त्यांना बोललों नाहीं तें मीं परक्या लोकांच्या वाचनासाठीं जाहीर करून ठेवलें.

पंधरा दिवसांत इचलकरंजीचा एक तरुण इंजिनियर मिळाला. गुरुवारीं अण्णांकडे जावयाचें, म्हणून त्याला रविवार दिला. माझें घर अण्णांच्या वाटेवर, म्हणून जागा कॉलेजांतील संगीत मंडळाची खोली. हें सारें मीं कांहीं कपट करीत आहें असें मनांत न आणतां, अगदीं सहजपणें ठरविलें. मुलगा खरोखर तयार होता. पहिल्या रविवारीं कित्येक वर्षांनीं मीं झाला शेवटपर्यंत नेला, आणि घरीं परततांना स्कूटरवर मी गुणगुणत होतों. सहा-सात महिने असे गेले. गुरुवारीं अण्णा विचारीत, “आज काय लावूं या?” आणि मी एखादा धीम्या चालीचा राग सुचवीत असें, जणूं काय तो माझ्या मनाचाच कौल होता.

मग गेल्या मार्गशीर्षांत ती गोष्ट घडली. स्थळाकडून मला नेहमींप्रमाणें कळविण्यांत आलें कीं, आपल्या आवडीस जुळणाऱ्या नव्या जाहिराती आल्या आहेत. मी उघडून पाहूं लागलों, तों त्यांत माझ्या तरुण साथीदाराचीच जाहिरात होती. ‘व्हायोलिन किंवा बांसरी हवी. सूर पक्का असावा. वय पस्तिसाच्या आंत असल्यास बरें.’

ती वाचून मला जें झालें त्याचें वर्णन करण्यांत अर्थ नाहीं. ‘सूर पक्का असावा’ हे तीन शब्द मी किती वेळ पाहत बसलों होतों, एवढेंच सांगतों. पण मनुष्याला तत्त्वज्ञान शिकविण्याचा पगार मिळत असला कीं, दुखावल्यावरही तो वाद घालीत बसतो. मीं स्वतःला विचारलें: या मुलानें माझा कोणता अपराध केला? आणि प्रामाणिक उत्तर आलें, कोणताही नाहीं. मला द्रुत लय हवी होती, ती त्यानें दिली. त्याला पक्का सूर हवा आहे. तो माझ्याकडे असता तर त्यानें दुसरीकडे शोधला नसता. आम्ही एकमेकांना रकान्यांतून भेटलों होतों, आणि रकाना बदलला.

ॲरिस्टॉटलनें मैत्रीचे तीन प्रकार सांगितले आहेत, हें महाविद्यालयांत तत्त्वज्ञान घेतलेल्या कोणासही आठवेल: उपयोगासाठीं केलेली, सुखासाठीं केलेली, आणि मनुष्याच्या शीलासाठीं केलेली. पहिल्या दोन त्यांचें कारण संपतांच संपतात, आणि त्यांत नवल नाहीं, असें तो म्हणतो. एवढें आपण सारे शिकवितों. परंतु त्याच ग्रंथाच्या नवव्या भागांत त्यानें याला एक पुस्ती जोडली आहे, ती आपण घाईनें उलटून जातों. जो उपयोगासाठीं मैत्री करीत होता पण शीलासाठीं करतों असें भासवीत होता, त्याच्याविरुद्ध मात्र तक्रार करावयास जागा आहे, असें तो सांगतो. आणि अशा माणसाला तो खोटीं नाणीं पाडणारापेक्षांही वाईट ठरवितो.

या तराजूंत मी बसलों तेव्हां हिशेब असा झाला. तो मुलगा सुटला, कारण त्यानें कांहींच भासविलें नव्हतें. त्याचा फॉर्म आणि त्याचें मन एकच बोलत होतीं. माझें काय? अण्णांशीं माझें नातें केवळ सोयीचें होतें असें मीं म्हटलें, तर रविवार लपविण्याचें कारणच उरत नाहीं. किराणा मालाचें दुकान बदलल्याची गोष्ट कोणी जुन्या वाण्यापासून महिनेच्या महिने लपवून ठेवीत नाहीं. मीं लपविलें, म्हणजे तें नातें दुसऱ्या जातीचें आहे हें मला पक्कें ठाऊक होतें, आणि तरीही मीं त्याला पहिल्या जातीचे नियम लावले. नाणें खोटें होतें तें असें.

येथें एक खरा विरोधी पक्ष आहे, आणि त्याला टाळून पुढें जाणें मला योग्य वाटत नाहीं. कलेचाही कांहीं हक्क असतो. पोटासाठीं गाणारा गवई साथीदार बदलतो तेव्हां त्याला कोणी कृतघ्न म्हणत नाहीं. तिकीट काढून आलेल्या श्रोत्यांचें तो देणें लागतो. मग केवळ मैत्रीखातर रागाला सदोदित कमी लयींत डांबून ठेवणें हा रागावर अन्याय नव्हे काय? या युक्तिवादानें मीं पुष्कळ दिवस स्वतःचें समाधान केलें. परंतु गुरुवारच्या आमच्या सभेस श्रोता म्हणजे अण्णांच्या सूनबाई, आणि त्याही स्वयंपाकघरांतून. तेव्हां द्रुत झाला मी कोणाचा देणें लागत होतों? स्वतःचा. तें देणेंही खोटें नाहीं, हें वर कबूल केलेंच आहे. मात्र स्वतःचें देणें फेडतांना त्याला ‘कलेचें देणें’ असें भारदस्त नांव देऊं नये.

शार्ङ्गदेवानें तेराव्या शतकांत देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास राहून ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यांत वृंद, म्हणजे गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांचा मेळ, कसा असावा याचें विवेचन आहे. उत्तम वृंदांत मुख्य गायक चार, त्यांना साथ करणारे आठ, गायिका बारा, बांसरीवाले चार, मृदंगी चार, अशी मोजदादही त्यानें दिली आहे. मग तो वृंदाचे सहा गुण सांगतो. मुख्याच्या मागोमाग जाणें, एकमेकांत मिसळणें, तालाचें अनुसरण, तिन्ही सप्तकांत फिरण्याची ताकद, आवाजांचें सारखेपण. आणि या पांचांच्या जोडीला सहावा असा कीं, एकाचें कोठें तुटलें तर दुसऱ्यानें तें सांवरून न्यावें. हा गुण त्यानें संकटकाळची युक्ति म्हणून सांगितलेला नाहीं. सूर-तालाच्या बरोबरीनें त्याला बसविलें आहे. मोठ्या दरबारांतील वृंदांतही तुटणार हें त्यानें गृहीतच धरलें असावें.

संकेतस्थळाच्या फॉर्ममध्यें पहिल्या पांच गुणांसाठीं कोठें ना कोठें रकाना सांपडतो. सहाव्यासाठीं नाहीं, आणि स्थळ काढणारांना त्याबद्दल दोष देतां येणार नाहीं. कारण कोणाचें कोठें तुटेल हें भेटीच्या आधीं कोणालाच ठाऊक नसतें. पुष्कळदां वीस वर्षें ठाऊक नसतें. दुकानदारानेंही मला तें सांगितलें नव्हतें. त्यानें फक्त पत्ता दिला. मी या स्थळावर रागावलों होतों त्या दिवसांत मला वाटे कीं, यंत्रानें माणसाला माणूस न ठेवतां वस्तु केलें. तें खरें नाहीं. यंत्रानें पत्ता दिला, दुकानदारानेंही पत्ताच दिला. एका पत्त्यावर मीं बावीस वर्षें घालविलीं, आणि दुसऱ्यावर गेलों तो मनांत मापपट्टी घेऊन. हा फरक पत्ता देणाराचा नव्हे. मात्र एवढें खरें कीं, पुढचा पत्ता सदैव खिशांत असला म्हणजे तुटलेलें सांवरण्याची संवय लागण्यापूर्वींच मनुष्य उठून जाऊं शकतो. आणि ती संवय नसेल तर तो कोठेंही गेला तरी सहा महिन्यांचाच पाहुणा. त्या तरुणाविषयीं मला याची काळजी वाटते. पण मीं त्याला हें सांगितलें तर त्यांत माझा दुखावलेला सूरच अधिक ऐकूं येईल, म्हणून सांगितलें नाहीं.

अण्णांना मात्र सांगावयाचें ठरविलें. पुढच्या गुरुवारीं गेलों. ते हातोडी घेऊन गट्टे ठोकीत बसले होते. मी म्हणालों, “अण्णा, मला तुम्हांला एक सांगायचंय. मी रविवारीं एका मुलाबरोबर वाजवतो. जूनपासून.”

“ठाऊक आहे,” ते मान वर न करतां म्हणाले. “दिवाळीपूर्वीं पुडी बसवायला मिरजेला गेलों होतों. दुकानांत कळलं.”

म्हणजे दोन महिने त्यांना ठाऊक होतें, आणि त्या दोन महिन्यांतील प्रत्येक गुरुवारीं त्यांनीं मला “आज काय लावूं या?” असें विचारलें होतें. मी ज्याला माझें लपविणें समजत होतों, तें कित्येक आठवडे त्यांचें सांवरणें होतें. मला पुढें कांहीं बोलवेना. त्यांनीं चाट दोनदां वाजवून पाहिली, मग विचारलें, “त्याचा बायां कसा आहे?”

मीं खरें तें सांगितलें. “उजवा फार तयार आहे. बायां जरा कोरडा.”

अण्णांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलें, हें मी लपवीत नाहीं. त्यांनींही तें लपविलें नाहीं. “घेऊन या त्याला एखाद्या गुरुवारीं,” ते म्हणाले. “द्रुत त्याला वाजवूं द्या. मी ऐकेन.”

मीं मुलाला निरोप दिला. कारखान्याची पाळी बदलली कीं येतों, असें तो म्हणाला. अजून आलेला नाहीं. रविवारीं आम्ही अद्याप वाजवितों, आणि सुराकडे मी पूर्वींपेक्षां अधिक लक्ष देतों, ही त्या जाहिरातीची कृपा. अण्णांबरोबर मध्यंतरीं एकदां मुद्दाम द्रुत गत धरली. बोल दोनदां तुटले. दुसऱ्या वेळीं अण्णा मोठ्यानें हसले व म्हणाले, “प्रोफेसर, बावीस वर्षांत प्रथमच तुम्ही माझ्यासाठीं थांबला नाहींत.” ही तक्रार होती कीं शाबासकी, तें मला ठरवितां आलें नाहीं. स्थळावरचें खातें मीं अजून बंद केलेलें नाहीं. दर सोमवारीं त्याचें पत्र येतें कीं, आपल्यापासून पन्नास किलोमीटरांच्या आंत अमुक नवे वादक आले आहेत. आणि मी तें उघडून पाहतों.